ताई, मला केनियाला जायचंय

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले की २०११ मध्ये मी नैरोबीत वर्षभर तरुण मुलांच्या एका छोट्या क्लबबरोबर व्हॉलंटियर म्हणून काम केलं होतं, आणि तेव्हापासून तुमचे मेल आणि व्हॉट्सअॅप थांबायलाच तयार नाहीत. बहुतेकांचं म्हणणं एकच, आम्हालाही परदेशात जाऊन मुलांसाठी काहीतरी करायचंय, कसं जायचं. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिलीय. पाच पत्रं निवडलीत, नावं गाळलीत.

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांची, सातारची. बीए झालंय, कॉलेजात दोन वर्षं एनएसएसला होते, कॅम्पला ग्रुप लीडर पण होते. इन्स्टावर एक जाहिरात बघितली, सहा आठवडे केनियात राहून तिथल्या युथला लीडरशिप आणि लाइफ स्किल्स शिकवायची, शेवटी सर्टिफिकेट. फी दीड लाख, विमानाचं तिकीट वेगळं. पप्पा म्हणतात सेवा करायला कसले पैसे भरायचे, आणि करायचीच तर इथे काय कमी आहे. मला राग येतो पण उत्तर देता येत नाही. मी जाऊ का?

उत्तर : अगं, पप्पांवर रागावू नकोस, त्यांनी दोन्ही प्रश्न बरोबर विचारलेत. आधी पैशाचं. परदेशातल्या व्हॉलंटियरिंगला पैसे लागतात यात फसवणूकच असते असं नाही, तुझं राहणं, जेवण, इन्शुरन्स, तुला सांभाळणारा तिथला माणूस, हे सगळं कोणीतरी भरतंच. पण त्या कंपनीला मेल करून लेखी विचार की माझ्या दीड लाखातले किती केनियातल्या संस्थेच्या हातात पडणार, आणि त्या संस्थेचं नाव काय. नाव सांगायला टाळाटाळ झाली तर तिथेच विषय संपव. नाव मिळालं तर त्या संस्थेला स्वतः फोन कर आणि विचार, तुम्हाला माझी नेमकी कशासाठी गरज आहे. हा फोन फार कमी जण करतात.

आता सहा आठवड्यांचं. मी वर्षभर होते म्हणून सांगते, पहिले दोन आठवडे मताटूत कसं बसायचं, भाडं किती, कुठल्या गल्लीतून अंधार पडल्यावर जायचं नाही, पन्नास मुलांची नावं काय, यातच गेले. (मताटू म्हणजे तिथली शेअरची गाडी, आपल्या वडापसारखी.) शेवटचा आठवडा निरोप आणि फोटोंत जातो. म्हणजे तुझ्या हातात राहतात तीन आठवडे, आणि तीन आठवड्यांत कोणाला लीडर करता येत नाही गं. मी पण गेले तेव्हा पुण्याहून चार्ट पेपर, स्केचपेन, सेशनचे प्लॅन सगळं घेऊन गेले होते. पहिल्या शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये चाळीस मुलं बसवली आणि नेता म्हणजे काय यावर दीड तास बोलले, इंग्लिशमध्ये. मुलं शांत बसली, टाळ्या वाजवल्या, बाहेर गेली. बाहेर मैदानात एक सोळा वर्षांची मुलगी लहान मुलांच्या मॅचची रेफरी होती, दोन टीम हातघाईवर आल्या तेव्हा तिने बॉल काखेत धरला, दोन्ही कॅप्टनना बाजूला घेतलं, पाच मिनिटं त्यांचं ऐकलं आणि मॅच परत सुरू केली. मी खिडकीतून बघत होते. त्या दिवशी मला कळलं की मी शिकवायला आलेली गोष्ट इथे रोज चालू आहे, फक्त मला तिची भाषा येत नव्हती.

तू मथारेचं नाव ऐकलंयस का? नैरोबीतली फार मोठी आणि फार जुनी वस्ती. तिथे १९८७ मध्ये बॉब मन्रो नावाच्या एका कॅनडियन माणसाने मुलांच्या फुटबॉल लीगला हातभार लावला, मथारे युथ स्पोर्ट्स असोसिएशन नावाची. अट अशी की तुम्ही काही करणार असाल तर आम्ही करू, तुम्ही काहीच करणार नसाल तर आम्हीही नाही. वस्तीत कचऱ्याचे ढीग, उघडी गटारं, तर प्रत्येक टीमने आपापल्या भागाची सफाई करायची आणि लीगच्या टेबलात मॅच जिंकल्याचे पॉइंट मिळतात तसे सफाईचेही पॉइंट मिळतात. म्हणजे खेळात बाप असलेली टीम सफाईला दांडी मारून वर जाऊ शकत नाही. कोच, रेफरी, झोनचे पुढारी, सगळी तिथलीच पोरं, मुलांनी निवडून दिलेली, आणि जी मुलं असं काम करतात त्यांना त्या कामाच्या बदल्यात शाळेच्या फीसाठी मदत मिळते. यातूनच पुढे १९९४ मध्ये मथारे युनायटेड ही टीम झाली आणि तिने २००८ मध्ये केनियाची प्रीमियर लीग जिंकली. बाहेरून आलेल्या माणसाने काय केलं ते बघ. त्याने शिकवलं नाही, एक नियम घातला आणि कारभार मुलांच्या हातात दिला. परदेशातून जाणाऱ्या प्रत्येकाने आधी हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आता पप्पांचा दुसरा प्रश्न, इथे काय कमी आहे. इथे कमी नाहीच, म्हणून आधी इथे वर्षभर कर. एनएसएसचे दोन वर्षांचे २४० तास तुझ्या गाठीशी आहेत, चांगली सुरुवात आहे, पण शिबिरात तू सात दिवसांनी घरी येत होतीस. एकाच वस्तीत, त्याच वीस मुलांबरोबर वर्ष काढणं वेगळं. मुंबईत १९९९ पासून मॅजिक बस ही संस्था खेळातून मुलांना लाइफ स्किल्स शिकवतंय, गडचिरोलीला बंग दांपत्याच्या सर्च या संस्थेत २००६ पासून निर्माण या उपक्रमाची शिबिरं होतात, तुझ्या वयाच्या मुलांना आपण नेमकं काय करायचं हे शोधायला ती फार उपयोगी पडतात. असं वर्ष काढून मग गेलीस तर केनियातल्या मुलांना द्यायला तुझ्याकडे काहीतरी असेल. आणि एक गोष्ट तर सातारची मुलगी म्हणून तुझ्याकडे आत्ताच आहे. आई किंवा मावशी बचत गटात आहेत ना? केनियात त्याला चामा म्हणतात, आणि आपल्या भिशीला तिथे मेरी-गो-राउंड म्हणतात, तरुण पोरांचे पण चामा असतात. आमच्या क्लबातल्या मुलांशी माझी खरी दोस्ती झाली ती लीडरशिपच्या सेशनमुळे नाही, माझ्या आईच्या गटात हप्ता बुडवणाऱ्या बाईशी कसं बोलतात हे मी सांगितलं त्या संध्याकाळी. तीन तास बसलो होतो, त्यांच्या गटात पण नेमकं तेच भांडण चालू होतं.

तेव्हा, जा, पण या सहा आठवड्यांना नको. सहा महिने ते वर्ष मिळेल असं बघ. जाशील तेव्हा टुरिस्ट म्हणून आत शिरून काम करू नकोस, तिथे व्हॉलंटियरला वेगळा परवाना लागतो आणि तो तिथल्या संस्थेने काढायचा असतो, टुरिस्ट म्हणून या असं सांगणारी संस्था तुला अडचणीत टाकतेय. यलो फीव्हरची लस अधिकृत सेंटरवरच घ्यायची, निघायच्या किमान दहा दिवस आधी, त्याचं कार्ड जपून ठेव, नाहीतर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर क्वारंटाइन करतात. आणि स्वेटर घे. आफ्रिका म्हणून सगळे सुती कपडे भरतात, नैरोबी उंचावर आहे, जुलैत संध्याकाळी कुडकुडायला होतं.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे, सेकंड इयरला. मैत्रिणींबरोबर सुट्टीत तीन आठवडे नेपाळला एका अनाथाश्रमात मुलांना शिकवायला जायचं म्हणते. व्हिसा लागत नाही, खर्च कमी, हे सगळं खरं आहे पण माझा जीव लागत नाही. आई म्हणून मी जास्तच काळजी करतेय का? – एक आई, डोंबिवली

उत्तर : नाही, जास्त नाही करत. पण तुमची काळजी मुलीच्या सुरक्षिततेची आहे आणि मला त्या आश्रमातल्या मुलांचीही आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहिते. नेपाळमध्ये अनाथाश्रम कुठे आहेत बघितलंत तर काठमांडूचं खोरं, पोखरा, चितवन, म्हणजे जिथे टुरिस्ट जातात तिथेच मोठ्या संख्येने. माओवादी संघर्षाच्या काळात हुमलासारख्या लांबच्या डोंगरी जिल्ह्यांतून दलाल आईबापांना सांगायचे की पोराला शहरात चांगल्या शाळेत घालतो, पैसे घ्यायचे आणि मूल आणून अनाथ म्हणून ठेवायचे. कंबोडियातही तसंच, २०११ मध्ये युनिसेफने मदत केलेल्या अभ्यासात दिसलं की अनाथाश्रमांतल्या दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील जिवंत होते. परदेशी पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून मुलं आणली जातात आणि घरापासून तोडली जातात. तुमची मुलगी चांगल्या मनानेच जातेय याबद्दल मला शंका नाही, पण तिच्या चांगल्या मनावर हा धंदा चालतो.

आणि आश्रम प्रामाणिक असला तरी, ज्या मुलाला आधीच कोणीतरी सोडून गेलंय त्याच्या आयुष्यात दर तीन आठवड्यांनी नवी ताई येते, गळ्यात पडते, जाते. पुण्यातल्या एका वस्तीत काम करताना हे मी स्वतः पाहिलंय, तिसऱ्या चौथ्या बॅचनंतर लहान मुलं नव्या माणसाच्या मांडीवर लगेच जाऊन बसायला लागतात आणि आपल्याला वाटतं किती प्रेमळ आहेत. ते प्रेम नसतं हो. मला आजही ते आठवलं की घशात येतं.

तिला नाही म्हणू नका, फक्त आश्रम नको म्हणा. घरी राहणाऱ्या मुलांच्या शाळेत, गाइड्सच्या गटात, गावातल्या युवा क्लबात जाऊ दे, जिथे वर्गात तिथले शिक्षक बरोबर असतात. संस्था चांगली आहे की नाही याची एक साधी खूण सांगते, मुलांमध्ये काम करायला येणाऱ्याकडून तिने पोलीस क्लिअरन्स मागितलं पाहिजे, ते पासपोर्ट ऑफिसकडून मिळतं. न विचारता कोणालाही मुलांत सोडणारी संस्था तुमच्या मुलीची तरी काय काळजी घेणार. राहायचा पत्ता, तिथल्या जबाबदार बाईचा फोन आणि इन्शुरन्सचा कागद तुमच्या हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, २७ वय, दोन वर्षांनी ब्रेक घेऊन जायचा विचार आहे. प्रॉब्लेम दोन. लाइफ स्किल्स लाइफ स्किल्स सगळे म्हणतात पण म्हणजे नेमकं शिकवायचं काय, आणि माझं इंग्लिश मराठी मीडियमवालं आहे, तिकडे चालेल का?

उत्तर : अरे, दुसऱ्याचं आधी. नैरोबीतली पोरं आपापसात शेंग बोलतात, म्हणजे स्वाहिली आणि इंग्लिश एकत्र घुसळलेली त्यांची स्वतःची भाषा, दर दोन वर्षांनी बदलणारी. तुझं इंग्लिश कोणी मोजत बसणार नाही, स्वाहिली शिकतोस का हे मात्र नक्की बघतील. आणि स्वाहिलीत तुला आपली माणसं भेटतील, दुकानाला दुका, चपातीला चपातीच, चहाला चाय. पण यामागे एक इतिहास आहे तो माहीत असू दे. मोंबासाहून आत जाणारी रेल्वे बांधायला इंग्रजांनी १८९६ पासून हजारो हिंदुस्थानी मजूर नेले, मागोमाग दुकानदार गेले, आणि आज तिथल्या वस्तीतल्या पोराच्या डोक्यात मुहिंदी म्हणजे भारतीय म्हणजे बहुतेक वेळा दुकानाचा नाहीतर कारखान्याचा मालक. मला पहिला महिनाभर पोरं मॅडम म्हणून लांब उभी राहायची, त्यातल्या एकीची आई एका भारतीय घरात कामाला होती. तू कितीही साधा असलास तरी आत शिरतोस ते या ओझ्यासकट, त्यामुळे पहिल्या दिवशी ऑर्डरी सोडू नकोस, खुर्च्या लावायला घे.

आता काय शिकवायचं. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात दहा गोष्टी सांगितल्या त्याच आजही धरतात, स्वतःला ओळखणं, दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं, आपलं म्हणणं नीट मांडणं, नाती सांभाळणं, निर्णय घेणं, अडचण सोडवणं, नवं काही सुचणं, ऐकलेलं पारखून घेणं, ताण सहन करणं, राग-दुःख सांभाळणं. यातली एकही गोष्ट फळ्यावर लिहून येत नाही. ग्रासरूट सॉकर नावाची संस्था २००२ मध्ये झिंबाब्वेत सुरू झाली, एचआयव्हीने तरुण माणसं जात होती तेव्हा. त्यांचा एक खेळ सांगते तसा करून बघ, म्हणजे अगदी पुण्यातसुद्धा. मैदानात कोन म्हणजे ते प्लॅस्टिकचे शंकू ठेवायचे, प्रत्येक कोन म्हणजे एक धोका, आणि मुलाने बॉल घेऊन मधून जायचं. कोनाला लागला तर त्याने पुशअप्स काढायचे. दुसऱ्या फेरीत लागला तर त्याच्या जोडीदारांनी पण, तिसऱ्यात अख्ख्या टीमने. मग सगळी घाम पुसत बसली की विचारायचं, माझ्या एका चुकीचे पुशअप्स दुसऱ्याने का काढायचे? तिथून जे बोलणं सुरू होतं ना, ते तास तासभर चालतं. आणि हा खेळ घेतो कोण, तर त्याच वस्तीतला वीस-बावीस वर्षांचा कोच, कारण पंधरा वर्षांची पोरं चाळिशीच्या पाहुण्याचं ऐकत नाहीत, पाच-सात वर्षांनी मोठ्या दादाचं ऐकतात.

म्हणून तुझं काम त्या दादाच्या मागे उभं राहायचं. तू आयटीतला आहेस, त्याला हजेरीचा एक साधा शीट करून दे, टूर्नामेंटचं बजेट त्याच्या पोरांना मांडायला बस, पाचशे शिलिंग आहेत, बॉल घ्यायचा की पाणी, तुम्ही ठरवा. आणि ते चुकीचं ठरवत असतील तरी मधे बोलू नकोस. मला हे जमायला सात महिने लागले.

प्रश्न : मी नांदेडचा निवृत्त हायस्कूल शिक्षक, वय ६१. हे सगळं तरुणांसाठीच असतं का? मराठी, गणित आणि स्काउटिंग, चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

उत्तर : सर, नमस्कार. नाही, तरुणांसाठीच नसतं. संयुक्त राष्ट्रांचा व्हॉलंटियर कार्यक्रम आहे, ऑफिस जर्मनीत बॉनला, तिथे १८ ते २६ वयाचा वेगळा युवा गट आहे पण तुमच्या वयाच्या माणसांनाही घेतात, आणि ज्याची निवड होते त्याला राहण्या-जेवणापुरता भत्ता मिळतो, म्हणजे तुम्ही पैसे भरायचे नाहीत. लगेच जायची घाई नसेल तर त्यांचं ऑनलाइन व्हॉलंटियरिंग पण असतं, घरून, नातवाकडून लॅपटॉप लावून घ्या. ब्रिटनमधली १९५८ ची व्हीएसओ नावाची संस्था तर मुख्यतः अनुभवी माणसंच शोधते. आणि सर, अर्जात स्काउटिंग सगळ्यात वर लिहा. स्काउटच्या पॅट्रोल म्हणजे टोळी पद्धतीत सहा-आठ मुलांचा गट आणि त्यांचा लीडर त्यांच्यातलाच, हे तुम्ही चाळीस वर्षं केलंत, आज त्याच्या ट्रेनिंगला मोठमोठी नावं देतात.

प्रश्न : आमची शाळा मुळशी तालुक्यात. दर हिवाळ्यात एका एजन्सीतर्फे परदेशी मुलंमुली येतात, दोन आठवडे राहतात, भिंती रंगवतात, मुलांना लीडरशिपचे खेळ शिकवतात. गेली चार वर्षं तेच खेळ. मुलांचा अभ्यास बुडतो, गेल्यावर लहान मुलं रडतात. हेडमास्तर म्हणतात पाहुणे आहेत, नाही कसं म्हणायचं. मी काय करू? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आपल्याकडे जाणाऱ्यांचे प्रश्न येतात, ज्यांच्याकडे कोणी येतं त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून तुम्ही लिहिलंत याचं मला फार बरं वाटलं.

नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण मला वाटतं आधी अटी घालून बघा. पुण्यात येरवड्याजवळ संगम आहे, १९६६ पासून, जगभरच्या गर्ल गाइड्सचं केंद्र. तिथे परदेशातून मुली येतात, राहतात आणि शहरातल्या स्थानिक संस्थांबरोबर काम करतात. हेडमास्तरांना घेऊन एकदा जाऊन या, पाहुण्यांचं काम कसं आखतात ते विचारा.

मग एजन्सीला एक पत्र लिहा, हेडमास्तरांच्या सहीने. शाळेच्या वेळेत तास घ्यायचे नाहीत, चार नंतर. वर्गात आमचे शिक्षक कायम हजर राहतील. पहिली ते चौथीच्या मुलांबरोबर एकट्याने वेळ घालवायचा नाही आणि पालकांची परवानगी नसताना फोटो नाहीत. भिंती रंगवायच्या तर रंगाचे पैसे द्या, गावातला पेंटर रंगवेल, त्याच्या घरी दोन दिवसांची मजुरी जाईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन आठवड्यांत काय करायचं ते आमची नववीची मुलं ठरवतील.

हे शेवटचं खरंच करा. नववीतली बारा मुलंमुली निवडा, हुशार नंबरवाल्यांनाच घेऊ नका, मागच्या बाकावरची चार तरी घ्या. त्यांना सांगा की पाहुणे तुमचे आहेत, त्यांना कुठे न्यायचं, काय दाखवायचं, त्यांच्याकडून काय शिकायचं आणि त्यांना काय शिकवायचं ते तुम्ही लिहून काढा. भात झोडायला, विटी-दांडू खेळायला, टेकडीवर वाट शोधायला पाहुण्यांना तेच शिकवतील. मोडकं-तोडकं इंग्लिश बोलतील, अडतील, मार्ग काढतील. तुम्ही मागे बसून राहा.

हिवाळ्याला अजून चार महिने आहेत. नववीच्या मुलांची पहिली मीटिंग या शनिवारी घ्या, आणि त्यांनी कागदावर पहिली ओळ काय लिहिली ते मला नक्की कळवा.